नवं इंजिन, जुना गियर



तुमच्या गावात कधीकाळी ऑइल इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी असेल, तर एक गोष्ट तुम्हांला मुद्दाम सांगावी लागणार नाही. जुनं इंजिन काढून नवं बसवलं आणि पट्टा होता तसाच चढवला, तर गिरणी पूर्वीसारखी चालत नाही. समजा, जुनं संथ इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेत होतं आणि नवं १५०० फेरे घेतं. इंजिनावरची पुली तीच ठेवली, तर जात्याचा दगड दुपटीहून अधिक वेगानं फिरू लागेल. पीठ करपेल आणि दगड फुटण्याची भीती उभी राहील. म्हणून गिरणीवाला काय करतो? इंजिनावरची ३० सेंटिमीटरची पुली उतरवतो आणि तिच्या जागी १३ सेंटिमीटरची बसवतो. हे त्रैराशिक त्याला कुणी फळ्यावर शिकवलेलं नसतं. पण तो ते चुकत नाही, कारण चुकला तर नुकसान त्याचं स्वतःचं असतं.

हे साधं त्रैराशिक आम्ही शिकलेसवरलेले लोक एकदा विसरलो. आज मी तुम्हांला सांगणार आहे ती त्या विसरण्याची हकिकत, आणि त्यानंतर जे शिकलो ते. मी कॉलेजात शिकवतो खरा, पण माझा विषय यंत्रांचा नाही. जे सांगतो आहे ते एका वृद्ध मिस्त्रीच्या पायाशी बसून शिकलेलं आहे.

माझे एक स्नेही नवी मुंबईत नेरुळला राहतात. त्यांच्या वडिलांनी मागं ठेवलेली एक जुनी मोटार त्यांच्याकडे आहे. एम्. जी. टी. डी. या जातीची, १९५२ सालची, दोन माणसांची, उघड्या टपाची. इंग्लंडात ॲबिंग्डन गावी १९४९ ते १९५३ या काळात या गाड्या तयार झाल्या. लांब नाक, दोन्ही बाजूंना मोठी मडगार्डं आणि समोर दोन वाटोळे दिवे. रविवारी सकाळी ती पाम बीच रस्त्यानं निघाली, की बेलापूरपासून वाशीपर्यंत माणसं माना वळवून पाहायची. तिचं मूळ इंजिन १२५० सी. सी. चं, म्हणजे आजच्या लहान घरगुती मोटारीएवढंच. सत्तर वर्षांच्या आसपास वय झालेलं ते इंजिन अखेर धापा टाकू लागलं. धूर येऊ लागला, तेल पिऊ लागलं. सुटे भाग विलायतेहून मागवायचे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही लागणार.

अशा वेळी कुणी तरी सुचवलं, की भंगारात निघालेल्या एका कॉन्टेसा मोटारीचं १८०० सी. सी. चं इसुझू इंजिन स्वस्तात मिळतं आहे, तेच का बसवू नये? ताकद वाढेल आणि कटकट मिटेल. इंजिन आलं. त्याच्याबरोबर त्याचा स्वतःचा पाच गियरचा डबाही येत होता. पण तो पडला लांब. एम्. जी. च्या तळाखाली तो सहजी बसेना, आणि गियरचा दांडा भलत्याच जागी येऊ लागला. तेव्हा आम्ही ठरवलं, की इंजिन नवं आणि गियरचा डबा मात्र एम्. जी. चा मूळचाच ठेवायचा. दोहोंमध्ये एक जाड पत्रा कापून जोडपट्टी म्हणून घालायची, की झालं!

मिस्त्रीकाका तेव्हा म्हणाले होते, “साहेब, दोन दिवस द्या. डायल गेज लावून मध्य बघतो, मग बोल्ट आवळतो.” पण माझ्या स्नेह्यांच्या भाच्याचं लग्न होतं लोणावळ्याला, आणि नवरदेवाला याच गाडीतून मिरवायचं ठरलेलं. आम्हीच घाई केली. मी स्वतः त्यांना म्हणालो, “काका, एवढ्या-तेवढ्यानं काय होतंय?” हे वाक्य माझं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

लग्न थाटात झालं. परतताना मी शेजारी बसलो होतो. खंडाळा सोडून बोरघाट उतरू लागलो. तिसरा गियर घातलेला होता, म्हणजे इंजिनच गाडीला मागं ओढून धरत होतं. एका वळणाच्या अलीकडे खट्‌कन आवाज झाला आणि गियरचा दांडा आपोआप बाहेर आला. गाडी मोकळी सुटली. स्नेह्यांनी पुन्हा गियर घालायचा प्रयत्न केला; करकर आवाज आला, पण गियर पडेना. राहिला ब्रेक. ते सत्तर वर्षांपूर्वीच्या बेताचे, ड्रमचे ब्रेक; दोन वळणांत तापले आणि पायाखाली मऊ लागू लागले. पुढं एक भरलेला ट्रक संथपणे उतरत होता. त्या क्षणी स्नेह्यांनी शहाणपणा केला. दरीकडे न जाता गाडी डोंगराच्या अंगाला घातली आणि दगडी गटाराच्या कडेला चाकं घासत घासत ती थांबवली. मडगार्ड चेपलं, माझं ढोपर फुटलं. यापलीकडे काही झालं नाही. पण किती तरी वेळ आम्ही दोघंही एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या आठवड्यात डबा उघडला. मिस्त्रीकाकांनी आम्हांला दाखवलं आणि समजावलं. तेच आता क्रमानं तुमच्यापुढं ठेवतो.

पहिली गोष्ट, मध्य जुळणं. इंजिनाच्या पोटात फिरतो तो क्रँक. गियरच्या डब्यातून पुढं येतो तो इनपुट शाफ्ट. त्याचं टोक क्रँकच्या मध्यावरच्या एका लहानशा बुशात टेकलेलं असतं. हे दोन दांडे एका सरळ रेषेत फिरले पाहिजेत. किती सरळ? साधारण हिशेब असा, की मध्याचा फरक वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, राहिला तर चालतो. त्याहून फार वाढला की दुखणं सुरू होतं. आमच्या जोडपट्टीत तो फरक कितीतरी अधिक होता. मग प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट किंचित वाकडा ओढला जातो, बेअरिंग झिजतं, दातावर दात नीट बसत नाही, आणि गियर हळूहळू बाहेर सरकू लागतो. घाटात तो “आपोआप” सुटला असं आम्ही म्हणत होतो. खरं पाहता त्याला आम्हीच रोज थोडा थोडा बाहेर ढकलत होतो. डायल गेज हे काही फार मोठं यंत्र नव्हे. फ्लायव्हीलवर त्याचा पाय ठेवायचा, काटा जोडपट्टीच्या भोकाच्या कडेला टेकवायचा, आणि इंजिन हातानं एक फेरा फिरवायचं. काटा किती हलतो ते पाहायचं. त्याच्या निम्मा तो मध्यातला फरक. एवढ्यासाठी काकांनी दोन दिवस मागितले होते.

दुसरी गोष्ट, जोर पेलणं. १२५० च्या जागी १८०० सी. सी. चं इंजिन म्हणजे आकार जवळजवळ दीडपट. फिरवण्याचा जोरही साधारण त्याच मानानं वाढतो. गियरचा डबा मात्र त्या जुन्या लहान इंजिनाच्या जोराचा विचार करून घडवलेला. शिवाय ध्यानात घ्या, पहिल्या गियरमध्ये डबा इंजिनाचा जोर तीन-साडेतीन पटींनी वाढवून पुढं देतो. म्हणजे जादा जोराचा भार डब्यातल्या दातांवर आणि त्यापुढच्या प्रत्येक दांड्यावर पडणार. दोन बैलांच्या गाडीला चार बैल जुंपले, तर आधी जू मोडतं.

तिसरी गोष्ट, क्लच. क्लचप्लेटचं बाहेरचं माप इंजिनाच्या फ्लायव्हीलशी जुळावं लागतं, आणि तिच्या मध्यावरच्या खाचा डब्याच्या शाफ्टशी. एकीचं एक आणि दुसरीचं दुसरं घेतलं, तर प्लेट बसतच नाही किंवा बसली तरी सरकते. इंजिन आणि डबा वेगवेगळ्या घरांतले असले, की ही प्लेट खास करून घ्यावी लागते.

चौथी गोष्ट, लांबी आणि कोन. डबा मागं-पुढं झाला, की मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापावा किंवा वाढवावा लागतो. कापल्यावर त्याचा तोल पाहावा लागतो; नाही तर विशिष्ट वेगाला सारी गाडी थरथरते. त्याच्या दोन टोकांच्या जॉइंटांचे कोन एकमेकांशी सारखे असावे लागतात, हेही त्यातच आलं.

आता पाचवी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत रंजक. ती म्हणजे फेऱ्यांचा हिशेब. इथं गिरणीवाल्याची आठवण ठेवा, आणि शिक्षक बंधुभगिनींनी हातात खडू घ्यावा.

या एम्. जी. च्या मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण ५.१२५ आहे. म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यासाठी प्रोपेलर शाफ्टला पाचाहून थोडे अधिक फेरे घ्यावे लागतात. चाकाचा परीघ सुमारे २ मीटर धरू. गाडी ताशी ८० किलोमीटरनं जाते आहे; म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, अर्थात चाकाचे ६६७ फेरे. त्याला ५.१२५ नं गुणा. सरळ, म्हणजे एकास एक अशा वरच्या गियरमध्ये इंजिनाला मिनिटाला सुमारे ३४२० फेरे घ्यावे लागतील. मूळचं इंजिन होतं लहान आणि चपळ. ५००० च्या वर फेरे घेतल्यावरच त्याची पूर्ण ताकद बाहेर यायची. त्याला हे प्रमाण योग्यच होतं. पण मोठं इंजिन खालच्या फेऱ्यांतही भरपूर जोर देतं. त्याला उगीच इतकं पळवलं तर आवाज, उष्णता आणि पेट्रोल तिन्ही वाढतात, आणि हाती काही येत नाही.

समजा, आपण डिफरन्शियल बदललं आणि ४.१ चं घातलं. त्याच वेगाला फेरे उरतील सुमारे २७३०. त्यातच पाचवा गियर असला आणि त्याचं प्रमाण ०.८५ असलं, तर फेरे २३२० वर येतील. सपाट रस्त्यावर इंजिन कसं शांत चालेल! पण थांबा. फेरे फार उतरवले, की घाटात जोर कमी पडतो, आणि उतरताना इंजिनाची ओढही कमी होते. दुसऱ्या टोकाला पाहा. पहिल्या गियरचं प्रमाण ३.५ धरलं, तर ५.१२५ च्या डिफरन्शियलसह इंजिनाच्या १००० फेऱ्यांना गाडी ताशी पावणेसात किलोमीटरच जाते, ४.१ नं ती साडेआठच्या जवळ पोचते. तेव्हा वरचा गियर सपाटीसाठी आणि खालचा गियर चढासाठी, असं दोन्ही टोकांना पाहून मधला मार्ग काढावा लागतो. कागदावर एक लहानसा तक्ता करायचा. उभ्या रांगेत गियर, आडव्या रांगेत वेग, आणि प्रत्येक घरात फेरे. पत्रा कापण्याच्या आधी हा तक्ता व्हायला हवा. आम्ही तो अपघातानंतर केला.

खेड्यांतल्या श्रोत्यांनी याचाच एक प्रकार पाहिला असेल. जुन्या पेट्रोल जीपचं इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्या आपल्याकडे पुष्कळ फिरल्या. जुन्या विलीस जीपच्या मागच्या धुऱ्याचं प्रमाण ५.३८. डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनाइतके फेरे घेणं मानवत नाही. म्हणून ती जीप शेतातून झकास ओढते, पण डांबरी रस्त्याला लागली आणि वेग वाढवला, की इंजिन ओरडू लागतं. ड्रायव्हर इंजिनाला दोष देतो. पण दोष जोडीचा असतो.

मोठ्या कारखान्यांना हे ठाऊक असतं. आपल्याच देशातली उदाहरणं पाहा. कॉन्टेसा १९८४ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यात १४८९ सी. सी. चं जुनं इंजिन आणि चार गियर होते. एवढ्या जड अंगाला ते इंजिन पुरेना. पुढं हिंदुस्थान मोटर्सनं इसुझूचं १८१७ सी. सी. चं इंजिन घेतलं, तेव्हा त्याच्यासोबत पाच गियरचा डबाही घेतला. आपल्या मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यानं १९८५ मध्ये ११८ एन्. ई. ही मोटार काढली. अंग फियाट १२४ च्या घराण्यातलं, इंजिन मात्र जपानच्या निस्सानचं, ११७१ सी. सी. चं. तिथंही गियरचा डबा निस्सानचाच बसवला. याउलट मद्रासची स्टँडर्ड २०००, तीही १९८५ चीच. अंग होतं रोव्हर या ऐटबाज विलायती मोटारीचं. तिकडे त्यात साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरांचं इंजिनही बसत असे. इकडे त्यात घातलं दोन लिटरचं जुन्या बनावटीचं इंजिन. गाडी दिसायला राजबिंडी, पण चालीला मंद. काही वर्षांतच ती बंद पडली. अंग, इंजिन आणि गियर ही तिघं एकमेकांना ओळखणारी असावी लागतात.

राहता राहिली कायद्याची बाजू. ती मी शेवटी सांगत असलो तरी तिचा विचार सर्वांत आधी करायला हवा. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील मूळ कारखानदारानं दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लागू केलं. पुढं २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आले. पण तो मान फक्त मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना. सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेल्या गाडीला तो नाही. आमच्या या उपद्व्यापात घाटात दुसऱ्या कुणाला इजा झाली असती, तर विमा कंपनीपुढं आणि न्यायाधीशापुढं आम्ही काय सांगणार होतो?

माझ्या स्नेह्यांनी मग काय केलं, ते सांगून संपवतो. त्यांनी मूळचं १२५० सी. सी. चं इंजिन पुन्हा उघडलं. सिलिंडरांना नवे स्लीव्ह घातले, पिस्टन आणि बेअरिंगं विलायतेहून मागवली. डब्यातला बिघडलेला गियर बदलला, ब्रेकचे ड्रम आणि लायनिंग नवं केलं. वर्ष गेलं, पैसा गेला. पण आज ती गाडी आपल्या मूळच्या जोडीसह चालते. तिचा वेग बेताचा आहे. घाटात ती दुसऱ्या गियरमध्ये चढते आणि दुसऱ्याच गियरमध्ये उतरते.

आणि ते कॉन्टेसाचं इंजिन? ते फुकट गेलं नाही. मिस्त्रीकाकांनी त्याला त्याचाच पाच गियरचा डबा जोडला, लोखंडी घोडीवर दोघांना बसवलं, आणि स्नेह्यांनी ती जोडी तंत्रशाळेतल्या मुलांना शिकण्यासाठी देऊन टाकली. काका कधी कधी तिथं जातात. मुलांच्या हाती डायल गेज देतात आणि म्हणतात, “आधी काटा वाचा, मग पाना उचला.”

शिक्षकांनो, मोटार नसली तरी हा धडा शाळेत देता येतो. मैदानावर सायकल आणा. पुढच्या चक्राचे दात मुलांकडून मोजून घ्या, मागच्याही चक्राचे घ्या. समजा, पुढं ४४ निघाले आणि मागं १८. पायडलाच्या एका फेऱ्याला मागचं चाक सुमारे २.४४ फेरे घेईल. चाकाचा परीघ २.२ मीटर असला, तर सायकल सुमारे ५.४ मीटर पुढं जायला हवी. आता जमिनीवर खडूनं रेघ ओढा, पायडल एक फेरा फिरवा, आणि टेपनं अंतर मोजा. हिशेब आणि माप जुळलं, की मुलांच्या चेहऱ्याकडे पाहा. मग त्यांना विचारा, मागचं चक्र १४ दातांचं बसवलं तर सायकल किती जाईल, आणि चढावर पायांना काय वाटेल? उत्तर त्यांची त्यांना सापडेल.

आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जीप आहे, ट्रॅक्टर आहे, पाण्याचा पंप आहे, त्यांना माझं एवढंच मागणं आहे. इंजिन बदलायची वेळ आली, तर पुढची सगळी साखळी चाकापर्यंत किंवा पंपापर्यंत एकदा कागदावर मांडा. मोटारीची गोष्ट असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारा. आणि तुमचा मिस्त्री दोन दिवस मागत असेल, तर ते त्याला द्या. मी दिले नव्हते. त्याची खूण माझ्या ढोपरावर अजून आहे.